कोरडे तांदूळ

तांदूळ घ्यायचा तर दाणा चावून बघायचा, ही जयवंतीच्या आईची शिकवण. कटकन तुटला तर जुना, दाताखाली दबला तर नवा, आणि नव्याचा भात गिचका होणार हे ठरलेलं. जामसरच्या घरच्या शेतातलं भात अजून खळ्यावर पडून होतं, घरातला गेल्या वर्षीचा तांदूळ दिवाळीच्या पाहुण्यांनी संपवला होता, म्हणून शनिवारी दुपारी जव्हारच्या बाजारात किराण्याच्या दुकानात उभं राहून तिनं पोत्यात हात घातला आणि चार दाणे तोंडात टाकले. अंगावर ठेवणीतली साडी होती. सकाळीच शिक्षण परिषद झाली होती, तिनं भाषण केलं होतं, आणि पर्समधला फोन मिनिटा-मिनिटाला गुरगुरत होता. केंद्रप्रमुखांनी तिचा माइकसमोरचा फोटो ग्रुपवर टाकला होता आणि खाली सगळ्या गुरुजनांनी हात जोडलेली नि टाळ्या वाजवणारी चित्रं ओतायला सुरुवात केली होती. दाढेखाली पहिला दाणा तुटला आणि तेवढ्यात पलीकडच्या गिऱ्हाइकाचा आवाज आला. ‘‘रंगाची पेनं हायत का शेठ? डब्यातली. शाळंच्या बाईला द्यायचीत.’’ त्या दुकानात तांदळापासून वह्यांपर्यंत सगळं मिळायचं. जयवंतीनं मान वळवली. गुडघ्यापर्यंत लुगडं, खांद्यावर फडकं, तिच्याकडे पाठ करून उभी असलेली बाई. ती बुधी होती, तिच्या वर्गातल्या सपनाची आई. शेठनं दोन-तीन डबे काढून फळीवर मांडले. बुधी प्रत्येक डबा उचलून उन्हाकडे धरत होती. ‘‘याच्यात बारा रंग हायत ना? बारावालाच पायजे. तसाच होता.’’ जयवंतीनं जीभ फिरवली, दाणे घशाकडे ढकलायला पाहिले. ते हलेनात. तोंडात पाण्याचा टिपूस नव्हता. दाण्यांचं कोरडं पीठ टाळूला चिकटून बसलं होतं, आणि तांदळाची पारख करायला आलेली ही शिकलीसवरलेली बाई दुकानाच्या मधोमध तोंड मिटून उभी राहिली.

तिनं निघून जायला हवं होतं, किंवा पुढे व्हायला हवं होतं. दोन्हीपैकी काहीच तिला जमलं नाही. बुधी वळली, तिनं बाईंना ओळखलं आणि तिचा चेहरा अगदी मोकळा झाला. ‘‘अगं बाय, तू हितंच भेटलीस! बरं झाला. सोमवारी आमची गाडी येते इटभट्टीवर न्यायाला, मना वाटला आता तुला कवा देऊ.’’ आणि तिनं तो डबा, अजून प्लॅस्टिकचं वेष्टन न काढलेला, दोन्ही हातांनी पुढे केला. ‘‘पोरीनं घेतला तो काय गावला नाय. घर सगला धुंडला, कूड उपसून बघितला. मारली तिला. कबूलच नाय होत. पण तू भगताच्या घरची, तुझा तांदूळ खोटा कसा होल? आता तिला म्हातारीपाशी नाय ठेवत, भट्टीवरच नेतो. शाळत चोर म्हनून कशाला बसवाची?’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर जयवंतीला काहीतरी सुचलं असतं, रागावलेल्या पालकांना कसं शांत करावं यावर तर तिनं सकाळीच पाच-सात वाक्यं बोलून दाखवली होती. पण बुधी माफी मागत होती. जयवंतीनं बोलण्यासाठी तोंड उघडलं तर पिठाचे कण उडाले. तिनं पदर तोंडावर धरला. आणि मग, नंतर कितीही आठवलं तरी तिला हे कळलं नाही की कसं, तिचा दुसरा हात पुढे झाला आणि तिनं तो डबा घेतला. बुधी हसली, ‘‘मिटला मग,’’ म्हणाली आणि डेपोकडे चालू लागली.

पहिला डबा घरी, जयवंतीच्या कपाटात साड्यांच्या खाली होता.

तो तिथं येऊन दोन दिवस झाले होते. पावसाळा सरला म्हणून स्कूटीच्या डिकीतला रेनकोट धुवायला काढला, तर त्याच्या घडीतून डबा बाहेर पडला होता, बारा रंगांचा, झाकणावर फुगा धरलेलं अस्वल. मग तिला सगळं लख्ख आठवलं. दिवाळीच्या सुट्टीआधी चित्रांची स्पर्धा ठेवली होती, पहिल्या आलेल्याला द्यायला तिनं तो डबा आणला होता. सकाळी वर्गात उंच धरून दाखवला होता, पोरांचे डोळे मोठे झालेले बघून तिला मजा वाटली होती. मधल्या सुट्टीत डबा टेबलावर ठेवून कसं जाणार, पोरं हात लावतील, म्हणून तिनंच तो उचलून डिकीत टाकला होता आणि वरून रेनकोट दडपला होता. तेवढ्यात घरून फोन आला होता. बोलता बोलता ती वर्गात परतली, टेबल रिकामं दिसलं, आणि ती किंचाळली होती. पोरांवर भरवसा नाही म्हणून वस्तू लपवायची, आणि आपणच लपवलेली सापडत नाही म्हणून पोरांनाच धरायचं. दुसऱ्या कुठल्या शिक्षिकेनं असं केल्याचं कानावर आलं असतं तर जयवंती परिषदेत नाव न घेता तिचं उदाहरण देऊन सगळ्यांना हसवून आली असती.

त्या दिवशी तिनं आधी शिक्षिका करतात ते सगळं करून पाहिलं. ज्यानं घेतला त्यानं मुकाट्यानं आणून द्यावा म्हणाली. सगळ्या वर्गाला उभं केलं. घरी सोडणार नाही म्हणाली, आणि ते खरं नाही हे पोरांना माहीत होतं, कारण घरी जायची घाई त्यांच्यापेक्षा तिलाच जास्त असायची. मोखाड्याअलीकडच्या त्या शाळेच्या पाड्यावरून जव्हारला पोचायचं तर घाटातला रस्ता दिवस असताना गाठावा लागतो. पोरं उभी राहून चुळबुळत होती, मागे कुणीतरी खुसखुसलं, पंकजनं रडक्या सुरात ‘मी नाय, मी नाय’ सुरू केलं आणि बाकीच्यांनी ते उचललं. वर्ग हातातून निसटत चालला की जयवंतीच्या मानेवर घाम फुटायचा. इतकी वर्षं नोकरी झाली तरी ते थांबलं नव्हतं. आणि त्या घामातच तिला कोपऱ्यातलं पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं दिसलं. तिनं ओंजळ भरून तांदूळ घेतले आणि हळू आवाजात, जो तिचा नव्हता अशा आवाजात म्हणाली, ‘‘माझे आजोबा भगत होते. ठाऊक आहे ना तुम्हाला?’’

वर्ग असा गप्प झाला की बाहेर झाडावर खरडणारी खार ऐकू आली.

त्या शांततेची तिला आता सगळ्यात जास्त लाज वाटत होती, कारण ती तिला आवडली होती. अशी शांतता डी.एड.च्या कुठल्या पुस्तकानं तिला मिळवून दिली नव्हती. पोरांनी पळसाची पानं आणली, ओळीनं बसली. तिनं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूट-चिमूट दाणे ठेवले, चावायला सांगितलं, गिळायचं नाही म्हणाली, पानावर थुंकायला सांगितलं. ज्याचा ओला तो खरा, ज्याचा कोरडा तो चोर. अगदी आजोबांचेच शब्द. मंगळूआजोबा अंगणात असेच माणसं ओळीनं बसवायचे, कुणाची कोंबडी गेली, कुणाचा कोयता गेला की लांबलांबून लोक यायचे, आणि लहानगी जयवंती सूप धरून त्यांच्या मागून मिरवत फिरायची. आजोबा बोलायचे कमी. एखाद्यापुढे ते थांबायचे. नुसते थांबायचे, मान खाली घालून, त्या माणसाच्या तोंडाकडे न बघता. आणि ज्याच्यापुढे ते थांबायचे त्याचेच तांदूळ कोरडे निघायचे. मोठी झाल्यावर, डी.एड. करताना, तिला त्यातली ग्यानबाची मेख कळली होती: भीतीनं तोंडाला कोरड पडते, आणि भीती कुणाला घालायची हे आजोबा आधीच ठरवून यायचे. मैत्रिणींना ती हे हसत सांगायची. एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नव्हती. एकदा घरातलाच गूळ गेला होता, गडीमाणसांच्या पोरांबरोबर तिलाही ओळीत बसवलं होतं, आणि तिला रडू येणार इतक्यात आजोबा तिच्यावरून जाताना वाकले, सुपातला दाणा उचलल्यासारखं केलं आणि तिच्या कानात पुटपुटले, ‘‘चिंच आठव.’’ तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिचा तांदूळ ओला निघाला. गूळ कुणी खाल्ला होता कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवशी गड्याच्या घरातली फागू गुरांमागे आली नाही, पुढे कधीच आली नाही, आणि जयवंतीनं विचारलं नाही.

सपनाच्या कानात चिंच सांगणारं कुणी नव्हतं. ती पाड्याच्या टोकाला राहणाऱ्यांची, बाप तुका दरवर्षी बायकोला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा, सपना म्हाताऱ्या आजीपाशी राहून शाळा करायची. भट्टीवर जाणाऱ्या घरांतली तीच एक पोर वर्षभर शाळेत टिकली होती, आणि याचं श्रेय जयवंती दर अहवालात स्वतःकडे घ्यायची. पण काही हरवलं की वर्गाची नजर कुणाकडे जाते हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी वर्गाच्या आधी तिची स्वतःची नजर तिकडे गेली होती. तांदूळ वाटत ती सपनापुढे आली आणि थांबली. नुसती थांबली, मान खाली घालून. हे तिनं ठरवून केलं नव्हतं, तिच्या पायांनाच ते ठाऊक होतं. मग पोरं थुंकली. तिनं पानं नीट बघितलीच नाहीत. योगिताचे दाणेही पांढरेफटक होते, रोहिदासनं तर निम्मे गिळून टाकले होते. ती सरळ सपनाच्या पानाशी गेली. पानावर कोरडा भुगा होता, फुंकर मारली तर उडावा असा. ‘‘बाय, मी नाय घेतला,’’ सपना म्हणाली. तेवढंच. तिच्या ओठाच्या कडेला पीठ लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती, पुसलं तर तोही पुरावा होईल असं तिला वाटलं असावं. घंटा झाली. सगळी पोरं दारातून बाहेर पडली, आणि एरवी एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर जाणारी ती पोरं सपनाला अंग लागणार नाही अशी जपून गेली.

सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा सपना आली नाही. जयवंतीला हायसं वाटलं होतं. हायसंच, दुसरा शब्द नाही. हजेरीत तिच्या नावापुढे गैरहजर लिहिताना तिला वाटलं होतं, चला, विषय आपोआप मिटला. मग डिकीतून डबा निघाला. तेव्हाच सांगायचं होतं. पण शनिवारी परिषदेत भाषण होतं, विषय ‘वर्ग व्यवस्थापन : शिक्षकांनी टाळायच्या चुका’, आणि तो तिनंच मागून घेतला होता. भाषण झाल्यावर शांतपणे बघू, असं तिनं स्वतःला समजावलं आणि डबा साड्यांखाली सरकवला. भाषण झक्क झालं. मुलाला सगळ्यांसमोर कधीही आरोपी करू नका, असं म्हणताना तिचा आवाज छान दाटला होता. एक चूक एकाची, शिक्षा सगळ्या वर्गाला, असं करू नका. पोकळ धमक्या देऊ नका. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग असं समजू नका. हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं, पुस्तकातलं नव्हतं, आणि त्यावरच सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. टाळ्या वाजत असताना तिला वाटलं होतं की आपण बदललोच आहोत, चूक कळली म्हणजे सुधारल्यासारखंच झालं. तिला ते खरोखर वाटलं होतं. आता आपण इतक्या सहज स्वतःला फसवू शकतो हे आठवून तिच्या कानाच्या पाळ्या तापत होत्या.

रविवारी तिनं नवऱ्याला सांगितलं. गोकुळ एका कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब, कुठलंही प्रकरण फायलीत नीट लावलं की मिटलं असं मानणारा. कपाटातले दोन्ही डबे त्यानं शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ‘‘जुना वर्गाला देऊन टाक,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणावं, नवीन आणला. आणि हा तिच्या घरी कुणाच्या तरी हाती पाठव, बक्षीस म्हणून. कुणाला काही कळायचं नाही.’’

‘‘ती पोर भट्टीवर चाललीये.’’

‘‘ती मंडळी दरवर्षीच जातात जयू.’’

‘‘ती जात नव्हती.’’

गोकुळ चष्मा काढून पुसत म्हणाला, ‘‘पोरांसमोर सांगितलंस तर उद्या कोण ऐकेल तुझं?’’ तिला तीच भीती होती, आणि त्याच्या तोंडून ती इतकी क्षुद्र वाटली की तिला त्याचाच राग आला. पण राग त्याचा नव्हता. संध्याकाळी तिनं भाताला आधण ठेवलं, तांदूळ धुतले, आणि धुवणाचं पांढरं पाणी बराच वेळ हातानं ढवळत राहिली. ओरडायचं, मारायचं हे सगळं तिला टाळता आलं असतं, बाहेरून शिकलेलं टाळता येतं. पण ते पावलाचं थांबणं तिनं कुठून टाळायचं, ते तर अंगणातून तिच्यासोबत आलं होतं. शहरातली एखादी शिक्षिका ओरडली असती, छडी आपटली असती, फार तर मुलांची दप्तरं उलटीपालटी केली असती. दुसऱ्या दिवशी सगळे विसरले असते. तिनं जे केलं ते करायला भगताचीच नात लागत होती. कारण सगळ्या पाड्याचा तिच्या तांदळावर विश्वास होता, एका तिचा सोडून.

सोमवारी तिनं हजेरी घेतली नाही. दोन्ही डबे टेबलावर ठेवले. झाकणावरची दोन्ही अस्वलं एकसारखी फुगे धरून हसत होती. वर्गात कुजबुज झाली. ‘‘दोन?’’ कुणीतरी म्हणालं. तिनं सांगितलं. उभं राहून, खुर्चीची पाठ धरून, सगळं सांगितलं: डबा मीच डिकीत ठेवला, मीच विसरले, सपनानं काही घेतलं नाही, हा दुसरा डबा तिच्या आईनं विकत आणून दिला आणि तो मी घेतला. ‘घेतला’ म्हणताना तिचा आवाज फुटला. पोरं तिच्याकडे बघत होती, आणि त्यांच्या डोळ्यांत तिला वाटलं होतं तसा तिरस्कार नव्हता, नुसता गोंधळ होता. पंकजनं हात वर केला. ‘‘मग बाय, तांदूळ खोटा?’’

‘‘खोटा.’’

‘‘तुझ्या आजाचा?’’

‘‘त्यांचाही.’’

हे मात्र वर्गाला पटलं नाही. जयवंतीला दिसलं की आपले शब्द पोरांच्या कपाळावर आपटून खाली पडताहेत. तिला दुकानातलं ते कोरडं पीठ आठवलं. दाखवूनच द्यावं, तिला वाटलं. चोरी न केलेल्या माणसाचंसुद्धा तोंड भीतीनं कसं वाळतं, बाईचंसुद्धा वाळतं, हे यांनी बघावं. ती पोत्याशी गेली, चिमूटभर तांदूळ घेऊन तोंडात टाकले आणि सगळ्यांसमोर चावू लागली. डोळे भरून आले होते, नाक वाहायला लागलं होतं. दोन दिवस कोंडलेलं बाहेर पडत होतं. तिनं ओंजळीत थुंकलं आणि ओंजळ पुढे धरली. दाण्यांचा दुधाळ, ओला लगदा बोटांच्या फटीतून ओघळत होता.

‘‘ओला!’’ योगिता ओरडली. ‘‘बायचा ओला हाय! बाय खरी!’’ सगळा वर्ग सुटल्यासारखा बोलू लागला. आणि त्या गलक्यात रोहिदास, वर्गातला सगळ्यात हुशार, ज्याची उत्तरं ती नेहमी बाकीच्यांना ऐकवायची, तो उभा राहून समजुतीनं म्हणाला, ‘‘म्हंजे सपनानंच घेतला आन् मंग भ्यायली न् तुझ्या डिकीत टाकला. असाच झाला असल.’’ सगळ्यांना ते पटलं. तांदूळही खरा राहिला, बाईही खरी राहिली. जयवंती ओंजळ तशीच धरून उभी होती. आपल्याला रडू आलं म्हणून तोंडाला पाणी सुटलं, हे ती आता या पोरांना कुठल्या शब्दांत सांगणार होती? इतकी लाज तिला दुकानातही वाटली नव्हती. तिनं मान वर केली, आणि दारात सपना उभी होती.

केव्हा आली होती कोण जाणे. हातात पुस्तकं होती, सुतळीनं बांधलेली. ‘‘आयेनं सांगला, शाळंचा काय घरात नको,’’ ती म्हणाली आणि गठ्ठा टेबलाच्या कडेवर ठेवला. दोन डबे तिनं बघितले. मग पोत्याशी गेली, कुणाला न विचारता मूठ भरून तांदूळ घेतले, चिमूट नाही, मूठ, आणि तोंडात कोंबले. वर्ग चिडीचूप झाला. तीच शांतता. जयवंतीला ओरडून म्हणायचं होतं, नको, थुंक, तुला काही दाखवायचं नाहीये. पण सपना तिच्याकडेच बघत चावत होती, गाल फुगवून, सावकाश, घरी भुकेलेली पोर कच्चे तांदूळ खाते तशी. कुणीतरी पुढे वहीचं पान सरकवलं. सपनानं ते पायानं बाजूला केलं. मग मान ताणून गिळलं, पुन्हा गिळलं, आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. तोंडात काहीच नव्हतं. ‘‘खाल्ला,’’ ती म्हणाली. पंकजला हसू फुटलं, मग आणखी एकाला, आणि कोरडा की ओला हे बघायला काही उरलंच नाही म्हणून सगळा वर्ग हसायला लागला.

सपना हसली नाही. ‘‘आयेला सांगशील?’’ तिनं विचारलं. ‘‘गाडी खाली लागली हाय.’’

वर्गात सांगणं सोपं होतं, हे जयवंतीला तेव्हा कळलं. पोरांसमोर ती कितीही खाली वाकली तरी बाईच राहणार होती. तिनं हात पदराला पुसले, दोन्ही डबे आणि पुस्तकांचा गठ्ठा उचलला आणि सपनाच्या मागून उतरणीला लागली. शाळेच्या ओट्यावर येऊन पोरं उभी राहिली. खाली डांबरी रस्त्यावर टेम्पो होता, आत बोचकी, पातेली, कोंबड्यांची डालगी आणि त्यांवर बसलेली माणसं. ड्रायव्हर ‘चलो, चलो, लेट हो गया’ म्हणत फळका लावत होता. बुधी मागच्या बाजूला लोखंडी दांडी धरून बसली होती. बाईंना धावत येताना बघून तिनं पदर सावरला. सगळी माणसं बघायला लागली, तुका, शेजारपाजारचे, त्यांच्या म्हाताऱ्या. जयवंतीनं तोंड उघडलं, आणि आवाजच निघाला नाही. ओठ ओठांना चिकटले होते. जीभ लाकडासारखी झाली होती. तिनं एकदा गिळलं, पुन्हा गिळलं.

‘‘बुधीताई, हिनं काही घेतलं नाही,’’ ती म्हणाली, घोगऱ्या, चिरक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘‘डबा माझ्याचकडे होता. माझ्या गाडीत. परवा दुकानात तुम्ही दुसरा दिलात तेव्हाही मला माहीत होतं. तरी मी घेतला.’’ तिनं दोन्ही डबे वर धरले. ‘‘तांदळाला काही कळत नाही. हिला ठेवा. मी पाया पडते, हिला शाळेत ठेवा.’’

तुकानं तोंड फिरवून रस्त्याकडे बघितलं. बुधी जयवंतीकडे बघत नव्हती, ती खाली उभ्या असलेल्या पोरीकडे बघत होती, तिच्या दंडाकडे, जिथं फ्रॉकची बाही वर सरकली होती आणि एक काळानिळा पट्टा दिसत होता. मग ती वळली, बोचक्यांच्या ढिगात हात घालून एक लहान गाठोडं ओढून काढलं आणि खाली पोरीच्या हातात सोडलं. ‘‘म्हातारीपाशी ऱ्हा,’’ ती म्हणाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. टेम्पो हलला. जयवंतीनं गाठोडं घ्यायला हात पुढे केला, तर सपनानं ते पोटाशी आवळून धरलं.

टेम्पो वळणाजवळ पोचला तेव्हा बुधी दांडीला धरून उभी राहिली. ‘‘बाय,’’ तिनं ओरडून विचारलं, आवाजात अजूनही राग नव्हता, खरंच कळत नसल्यासारखं विचारत होती, ‘‘मंग मी मारली ती?’’

जयवंती रस्त्याच्या मधोमध दोन डबे घेऊन उभी राहिली, आणि टेम्पो वळणाआड गेला.